सॉफ्टवेअरचे गाठोडे कसे बांधावे?
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेसाठी मी निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आकाराने मोठे असलेले सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घेणाऱ्याच्या हाती सुखरूप पडावे, याकरिता ते कशा रीतीने बांधून ठेवावे, हा तो विषय होय. हे काम अभियंत्यांचे आहे, प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु आपल्यापैकी कित्येक जण आज पाठांचे संच स्वतः तयार करतात, मोफत वाटता येण्याजोगी शैक्षणिक सॉफ्टवेअर निवडतात व ती शेजारच्या शाळांना धाडतात. घेणारेही आपण आणि देणारेही आपणच, अशी स्थिती आहे. देणाऱ्याच्या अंगी कोणते तारतम्य असावे, हे मी माझ्याच एका चुकीवरून शिकलो. ती चूक आपणांपुढे मांडण्यात मला कमीपणा वाटत नाही.

काही काळापूर्वी मी आपल्या बीटमधील शाळांकरिता एक संच तयार केला. एक मोफत शैक्षणिक सॉफ्टवेअर, त्याच्या जोडीला पहिली ते पाचवीचे ध्वनिमुद्रित पाठ व चित्रफिती, असे सर्व साहित्य मी एका झिप फाईलमध्ये घातले. ती फाईल ६ गिगाबाइटची झाली. तिचा दुवा सर्व शाळांना पाठविला आणि मोठे कार्य उरकल्याच्या समाधानात मी राहिलो. महिन्याभराने एका डोंगराळ वस्तीवरील द्विशिक्षकी शाळेला भेट देण्याचा योग आला. तिसरीच्या वर्गात पाऊल टाकताच एका मुलीने आपल्या गुरुजींना विचारले, “गुरुजी, बोलणारी चित्रं आली का?” गुरुजी खाली मान घालून गप्प राहिले.

मागाहून सर्व हकीकत कळली. शाळेत मोबाईलची रेंज नाही. ती वरच्या टेकाडावर मिळते. शाळा सुटल्यावर हे गुरुजी लॅपटॉप घेऊन टेकाडावर जाऊन बसत. त्यांच्या मोबाईल योजनेत रोजची मर्यादा दीड गिगाबाइटची. ती संपली की डाउनलोड तुटे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ६ गिगाबाइटची फाईल अशा रीतीने जन्मात उतरणार नव्हती. तीन संध्याकाळी अशा गेल्यावर ते सुटीच्या दिवशी तालुक्याला नातलगांकडे गेले व तेथे ती फाईल उतरवली. ३२ गिगाबाइटच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर ती घालू लागले, तो पेनड्राइव्हने ‘फाईल फार मोठी आहे’ म्हणून नकार दिला. कोणाची तरी हार्ड डिस्क उसनी आणून फाईल शाळेत नेली, तर ती उघडताना निम्म्यातच ‘फाईल खराब आहे’ असा संदेश आला. एवढे सारे होऊनही त्या सज्जनांनी माझ्याविषयी एक शब्द काढला नाही. ते म्हणाले, “साहेब, माझंच काहीतरी चुकलं असेल.”

बंधुभगिनींनो, त्यांचे काहीएक चुकले नव्हते. चुकले होते माझे. माझ्या कार्यालयातील वेगवान जोडणीवर, माझ्या नव्या संगणकावर जे सोयीचे, ते मी टेकाडावर बसलेल्या माणसाच्या माथी मारले होते. आपण पाठ्यपुस्तके वाटतो ती पद्धत आठवा. तालुक्याहून पुस्तके केंद्रावर येतात, केंद्रावरून शाळेत. इयत्तावार गठ्ठे असतात, प्रत्येक गठ्ठ्यात किती प्रती आहेत हे लिहिलेले असते, आपण ते मोजून घेतो आणि मग पोच देतो. एका गठ्ठ्यात दोन पुस्तके कमी भरली, तर तेवढी दोनच मागवतो. सगळा ट्रक परत पाठवीत नाही. एवढे व्यावहारिक शहाणपण आपल्यापाशी पूर्वीपासून असताना संगणकाचे नाव निघताच आपण ते विसरतो. तेच या कामी कसे लावावे, हे आता पाहू.

प्रथम थोडे गणित करू. इंटरनेटचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाईलचा आकार बाइटमध्ये; ८ बिट म्हणजे १ बाइट. हा भेद ध्यानात नसल्यामुळे पुष्कळांचा अंदाज आठपटीने चुकतो. वेग सेकंदाला २ मेगाबिट धरा. ६ गिगाबाइट म्हणजे ६,००० मेगाबाइट, म्हणजेच ४८,००० मेगाबिट. त्यांस २४,००० सेकंद लागतील, म्हणजे ६ तास ४० मिनिटे, तीही एकदाही खंड न पडता. आता याच मजकुराचे २०० मेगाबाइटचे ३० भाग केले, तर एका भागास ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटे २० सेकंद लागतील. एकूण वेळ तितकाच, परंतु मध्येच जोडणी तुटली तर पहिल्या प्रकारात सहा तासांचे श्रम वाया जाण्याची भीती, दुसऱ्या प्रकारात फार तर तेरा मिनिटांचे. हे उदाहरण पाचवीच्या वर्गात जरूर घाला. मुले आवडीने सोडवतील.

येथे कोणी शंका घेईल की, तुटलेले डाउनलोड जेथून तुटले तेथून पुढे चालू करण्याची सोय असते, मग भाग कशाला पाडावे? शंका रास्त आहे. ‘एवढे मला मिळाले आहे, याच्या पुढचे दे’ असे सर्व्हरला सांगण्याची तरतूद एचटीटीपीच्या १९९७ सालच्या १.१ या आवृत्तीपासून आहे. तथापि तिचा लाभ मिळण्यास फाईल ठेवणारा सर्व्हर व उतरवून घेणारे साधन, दोहोंनीही ती पाळावी लागते. म्हणून फाईल कोठे ठेवावयाची हे ठरविताना पहिली कसोटी ही लावावी: डाउनलोड मुद्दाम मध्येच तोडून पाहावे आणि ते पुढे चालू होते की पुन्हा आरंभापासून, हे स्वतः पडताळावे. मी एवढी एक गोष्ट केली असती, तरी त्या गुरुजींच्या तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

आता भाग कसे पाडावेत, हा महत्त्वाचा प्रश्न. तुकडे करणे निराळे आणि भाग पाडणे निराळे. मोठी झिप फाईल यंत्राकडून नुसती कापून घेतली, तर शेवटचा तुकडा हाती येईपर्यंत संपूर्ण संच उघडत नाही. एकूणतीस तुकडे असूनही तिसाव्यावाचून हात रिकामेच. भाकरीच्या चतकोराने तेवढी तरी भूक भागते. बैलगाडीचे एकटे चाक कोठेच नेत नाही. आपली वाटणी भाकरीसारखी असावी. मूळ सॉफ्टवेअर एका भागात, पहिलीचे पाठ दुसऱ्यात, दुसरीचे तिसऱ्यात, अशी ती केली म्हणजे ज्याला जेवढे हवे तेवढेच तो घेईल आणि जेवढे घेईल तेवढे लागलीच चालेल.

ही कल्पना काही आजची नव्हे. १९९३ साली स्लॅकवेअर ही लिनक्स प्रणाली निघाली, तेव्हा ती १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपींवर उतरवून घ्यावी लागे. तिच्या कर्त्याने तिचे अक्षरवार गट पाडले होते: ‘ए’ गटात प्रणालीचा पाया, ‘डी’ गटात प्रोग्रॅम लिहिण्याची साधने, ‘एक्स’ गटात चित्रमय पडदा. ज्याला चित्रमय पडद्याची गरज नसे, तो त्या गटाच्या फ्लॉपी करीतच नसे. लहान मुलांकरिता असलेले जीकॉम्प्रिस हे मोफत सॉफ्टवेअर आपणांस ठाऊक असेल. त्यातील ध्वनिमुद्रित आवाज भाषावार वेगळे मिळतात, सर्व भाषांचे ओझे प्रत्येकास वाहावे लागत नाही. इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचण्याची सोय करणाऱ्या किविक्सने तर एकाच ज्ञानकोशाची तीन गाठोडी करून ठेवली आहेत: एक सचित्र व संपूर्ण, दुसरे चित्रांवाचून, तिसरे प्रत्येक लेखाच्या केवळ प्रास्ताविकाचे. संपूर्ण इंग्रजी विकिपीडिया शंभर गिगाबाइटहून मोठा आहे. चित्रे गाळलेला त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि प्रास्ताविकांचा त्याहून कितीतरी लहान. ज्याच्या संगणकात जेवढी जागा, तेवढे त्याने घ्यावे.

उलट अंगाने एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. काही सॉफ्टवेअरची फाईल फारच लहान, दोन-चार मेगाबाइटची दिसते. आपण हरखून जातो. प्रत्यक्षात तो केवळ निरोप्या असतो. संगणकावर चालवताच तो उरलेले सर्व साहित्य इंटरनेटवरून मागवू लागतो. शाळेत दहा संगणक असतील, तर तेच साहित्य दहा वेळा येते, आणि इंटरनेट नसेल तर एकदाही येत नाही. म्हणून शाळांकरिता नेहमी ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ म्हणजे ज्यात सर्व साहित्य आतच आहे असा प्रकार शोधावा व तोच द्यावा. तो एकदा उतरविला म्हणजे दहाही संगणकांना पुरतो.

आकार कमी करण्याविषयीही एक गैरसमज आहे. झिप केले की फाईल लहान होते, असे आपण धरून चालतो. कापूस दाबला तर त्याची लहानशी गाठ होते. लोखंड कितीही दाबले तरी तेवढेच राहते. लिहिलेला मजकूर कापसासारखा आहे, तो पुष्कळ दबतो. परंतु चित्रफिती, जेपीईजी चित्रे व एमपीथ्री ध्वनिमुद्रणे ही मुळातच दाबलेली असतात. त्यांना झिप केल्याने जवळजवळ काहीच लाभ होत नाही. माझ्या सहा गिगाबाइटमध्ये बहुतेक भाग चित्रफितींचा होता. त्या मोठ्या पडद्यासाठीच्या उच्च दर्जात होत्या. वर्गातील लहान पडद्यास पुरेल अशा बेताच्या दर्जात त्या पुन्हा तयार करणे, हा खरा उपाय होता. तो मी नंतर केला.

आता त्या पेनड्राइव्हच्या नकाराकडे येऊ. बाजारातील पुष्कळ पेनड्राइव्हवर फॅट-३२ नावाची जुनी मांडणी असते. या मांडणीत एक फाईल ४ गिगाबाइटपेक्षा एका बाइटने तरी लहान असावी लागते, मग पेनड्राइव्ह कितीही मोठा असो. एक्सफॅट ही नवी मांडणी ही मर्यादा पाळत नाही, परंतु जुने टीव्ही संच व इतर काही उपकरणे ती वाचू शकत नाहीत. यास्तव देणाऱ्याने कोणतीही एक फाईल ४ गिगाबाइटच्या खालीच ठेवावी, हे उत्तम. घेणाऱ्याने मांडणी बदलून घेतली तर चालेल, परंतु तसे करताना पेनड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो, हे विसरू नये.

शेवटचा घाव होता खराब निघालेल्या फाईलचा. गुणाकार बरोबर आला की नाही हे आपण नवांच्या ताळ्याने पाहतो. फाईलचाही ताळा असतो. एसएचए-२५६ नावाच्या रीतीने संगणक संपूर्ण फाईलवरून ६४ अक्षरांची एक खूण काढतो. फाईलमधील एक अक्षर जरी बदलले, तरी ही खूण ओळखू येणार नाही इतकी बदलते. नवांचा ताळा अंकांची अदलाबदल झाली तर फसतो; हा फसत नाही. देणाऱ्याने प्रत्येक भागाचा ताळा काढून यादीत लिहावा, घेणाऱ्याने आपल्याकडील फाईलचा काढून तो जुळवून पाहावा. विंडोजमध्ये याकरिता ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा मुळातच असते, आणि सेव्हन-झिप या मोफत साधनात तर उजवी कळ दाबून हे होते. ताळा जुळला नाही, तर तेवढाच भाग पुन्हा उतरवावा. माझी एकच मोठी फाईल असल्यामुळे त्या गुरुजींना कोठे बिघडले हे कळण्यास वाव नव्हता व पुन्हा सहा गिगाबाइट उतरविण्यावाचून गत्यंतरही नव्हते.

मात्र ताळा जुळला म्हणजे वस्तू खऱ्या मालकाचीच, असे सिद्ध होत नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या प्रसिद्ध प्रणालीच्या संकेतस्थळात चोर शिरले व त्यांनी डाउनलोडचा दुवा बदलून चोरवाट ठेवलेल्या नकली फाईलकडे वळविला. चोर जर दुकानातच शिरला असेल, तर तो मालासोबत चिठ्ठीही बदलू शकतो. म्हणून मोठ्या संस्था फाईलवर अंकीय स्वाक्षरी करतात. आपण निदान एवढे करावे की, सॉफ्टवेअर मूळ कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे आणि आपल्या संचाच्या ताळ्याची यादी फाईलसोबत न ठेवता केंद्रप्रमुखांमार्फत छापील कागदावर वेगळी धाडावी. हातोहाती फिरणाऱ्या पेनड्राइव्हमधून संगणकाचे रोगही पसरतात. तो तपासूनच उघडावा.

वाटपाविषयी म्हणाल, तर एकाने उतरवावे व अनेकांनी नकलून घ्यावे, हीच रीत खेड्यास मानवते. जगात याच तत्त्वावर २००१ पासून बिटटोरेंट नावाची पद्धत चालू आहे. तीत फाईलचे लहान लहान भाग होतात, प्रत्येकाचा वेगळा ताळा असतो, आणि ज्याला जो भाग मिळाला तो इतरांना देऊ लागतो. आपले केंद्र हे असेच वाटपाचे ठिकाण व्हावे. परंतु नक्कल करण्यापूर्वी त्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात तशी मोकळीक आहे ना, हे पाहणे आपले कर्तव्य होय. मुलांना आपण नक्कल करू नये असे शिकवतो. आपणच चोरीची प्रत वाटावी, हे शोभत नाही.

सुधारणा पाठविण्याचेही एक शास्त्र आहे. पुस्तकात चार चुका आढळल्या, तर शुद्धिपत्र निघते. संपूर्ण पुस्तक कोणी पुन्हा वाटत नाही. तद्वतच संचात दोन पाठ बदलले असतील, तर दोनच पाठ पाठवावे. फाईलच्या नावात तारीख घालावी. जुन्याच नावाने नवी फाईल ठेवली, तर कोणाकडे कोणती आहे याचा घोळ होतो आणि ताळाही जुळेनासा होतो. फाईलची नावे लहान व रोमन लिपीत ठेवावीत, कारण काही जुन्या साधनांत देवनागरी नावांची अक्षरे बिघडतात.

आणि सर्वांत वर, जसे गठ्ठ्यावर चलन, तसे एक ‘आधी वाचा’ नावाचे पान साध्या मराठीत असावे. त्यात संच कशाचा, कोणत्या इयत्तेचा, कोणत्या संगणकावर चालेल, एकूण भाग किती, पहिला कोणता उघडावा व अडचण आल्यास कोणास विचारावे, हे लिहावे. आकार दोन सांगावेत: उतरविताना किती डेटा लागेल आणि उघडल्यावर किती जागा लागेल. झिप उघडताना मूळ फाईल व उघडलेल्या फाईली, दोहोंनाही एकाच वेळी जागा लागते. ती नसेल तर काम अर्ध्यावर अडते. हे आधी कळले, तर माणूस तयारीने बसतो. न सांगता त्याचा दिवसाचा डेटा संपविणे, हे त्याच्या खिशात हात घालण्यासारखेच आहे.

असो. मी तो संच पुन्हा बांधला. मूळ सॉफ्टवेअर २०० मेगाबाइटचे, प्रत्येक इयत्तेचा भाग सुमारे ३०० मेगाबाइटचा. सहा गिगाबाइटचे काम पावणेदोन गिगाबाइटच्या आत आले. तिसरीच्या शिक्षकास फक्त ५०० मेगाबाइट पुरतात, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट वेगाने सुमारे ३३ मिनिटे. ही बांधणी केवळ माझ्या खोलीत बसून पुरी केली नाही. संच सर्वांना पाठविण्यापूर्वी मी त्याच शाळेत गेलो, त्या गुरुजींसह टेकाडावर बसलो आणि त्यांच्याच मोबाईलवरून तो उतरवून पाहिला. जोडणी दोनदा तुटली. दोन्ही वेळा पुढून सुरू झाली. सायंकाळ होण्याच्या आत आम्ही खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात काय झाले, हे मी सांगत नाही. आपण सर्व शिक्षक आहात, आपणांस ते कळेल.

माझी आपणांस एकच विनंती आहे. यापुढे शेजारच्या शाळेसाठी काहीही बांधून पाठविताना, आपल्या केंद्रातील ज्या शाळेपाशी सर्वांत कमी साधने आहेत, ती शाळा डोळ्यांपुढे आणा, आणि शक्य झाल्यास तेथे जाऊन ते गाठोडे एकदा स्वतः उघडून पाहा. तेथे उघडले, तर ते सर्वत्र उघडेल. आणि तेथे न उघडल्यास, ‘माझंच चुकलं असेल’ असे म्हणण्याची पाळी घेणाऱ्यावर येऊ देऊ नका. ते म्हणण्याचे काम देणाऱ्याचे आहे.